क्रियाविशेषणांचे गाऱ्हाणे

॥ श्रीरवळनाथ प्रसन्न ॥

मुळगाव, डिचोली,
गोवा राज्य (हे दोन शब्द लिहिण्याची हाताला अजून सवय नाही. मे महिना सरेपर्यंत आपण केंद्रशासित होतो आणि त्या एका शब्दाने पत्त्याची अर्धी ओळ आपोआप भरत असे.)
ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थरूप वत्सलाआत्येच्या चरणी विनोदिनीचा साष्टांग नमस्कार. (जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कठड्यावर कागद ठेवून उभ्याने लिहीत असल्यामुळे आठही अंगे टेकवणे आज शक्य नाही, राहिलेली भेटीत टेकवीन. उभ्याने का लिहावे लागते ते पुढे येईलच. त्यामागे एक शिवणयंत्र आहे.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? कृष्णनाथकाकांची गोदीतल्या धुळीने धरलेली घशाची खवखव कमी झाली का? मोगरीला कळ्या आल्या का? आणि बाल्कांवाला, त्या पुढच्या ओसरीला, लागून असलेली ती लहान खोली, जिच्यात तुम्ही पापडांचे डबे ठेवता, ती अजून तशी रिकामीच असते ना? सहज विचारले.

तुमचे कार्ड पोचले. पोस्टमन आला तेव्हा बाबा खाणीवर गेले होते, म्हणून ते मीच घेतले, उभ्याउभ्या वाचले आणि इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात जपून ठेवले. त्या पुस्तकाला घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. तुम्ही लिहिले आहे की दिनकर आणि त्याचे चेडू (म्हणजे बाबा आणि मी) वास्कोत येऊन माझ्या वाड्यावरून गेली, पाण्याचा थेंबसुद्धा न घेता गेली, शेजारच्या मालतीने आपल्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा माझे काय चुकले ते एकदा कळवा. आत्या, तुमचे काहीही चुकलेले नाही. मालतीवहिनींच्या डोळ्यांचेही काही चुकलेले नाही. आम्ही आलो होतो. मात्र का आलो आणि आल्यासारखे का वागलो नाही, हे नीट सांगायचे तर इंग्रजीतल्या क्रियाविशेषणांपासून सुरुवात करावी लागेल. तेव्हा कृपा करून चहा ठेवावा, पाय वर घेऊन बसावे आणि मगच पुढे वाचावे.

मी बारावीला मराठी माध्यमातून केंद्रात पहिली आले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्याबद्दल तुम्ही पाठवलेली साडी आई नेसते आणि तिला ती शोभते. आता मला वास्कोच्या कॉलेजात इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करायचे आहे. ही इच्छा मी घरी प्रथम बोलून दाखवली तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. घरात त्या वेळी राजभाषेचा वाद ऐन रंगात होता. (तो अजूनही आहे. बाबा मराठीच्या बाजूचे. मराठीच राजभाषा झाली पाहिजे असे ते रोज संध्याकाळी आवेशाने सांगतात, आणि ते सगळे कोकणीत सांगतात. समोरच्या घरातले गृहस्थ कोकणीच्या बाजूचे. ते मात्र मुद्दा पटवताना मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवतात.) अशा धामधुमीत पोटच्या मुलीने तिसरीच भाषा काढावी, याने बाबांना पाठीमागून धक्का बसल्यासारखे झाले. पण बाबा न्यायी आहेत. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलींना इंग्रजी विषय देण्यापूर्वी ते कॉलेज तोंडी परीक्षा घेते, असे कळल्यावर ते म्हणाले, की तिथे तू तोंड उघडून दाखवलेस तर मी तुला पाठवतो. नाही उघडलेस तर मंगलकाकूंच्या शिवणाच्या क्लासात जायचे आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

अट देऊन ते थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी म्हापशाच्या बाजारातून एक जुने शिवणयंत्र घेऊन आले आणि जनेलाशी, म्हणजे जिथे बसून मी वाचते नेमक्या त्याच जागी, मांडले. त्यावर आईचे जुने लुगडे घातले आहे. लुगड्याखाली ते माझी वाट पाहत उभे असते. माझ्याविषयी बाबांचा अंदाज काय होता, हे मला त्यावरून स्वच्छ समजले. (अंदाज चुकीचा होता, असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही. घरी पाहुणे आले की मी माडीवर जाते आणि ते गेल्याची खात्री झाली की उतरते, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे. मागच्या गणपतीत तुम्ही आलात तेव्हा माझा चेहरा तुम्हांला तिसऱ्या दिवशी दिसला.)

गंमत अशी, की इंग्रजी व्याकरण मला उत्तम येते. विशेषतः क्रियाविशेषणे. क्रिया कशी झाली, कुठे झाली, केव्हा झाली, कितपत झाली, हे सांगणारे सगळे शब्द मी पाठ केले आहेत. ‘स्लोली’, ‘चिअरफुली’, ‘लाउडली’, ‘बोल्डली’, म्हणजे सावकाश, आनंदाने, मोठ्याने आणि धीटपणे. कागदावर ते माझे सगळे ऐकतात. तोंडातून मात्र एकही बाहेर येत नाही. डिचोलीला राहणाऱ्या लुर्दिन टीचर (कॉन्व्हेंटमधून निवृत्त झालेल्या, माझी शिकवणी त्या एका अटीवर घेतात, की मी त्यांच्या मांजराला मराठीतून हाका मारू नयेत, कारण ते गोंधळते) एक दिवस चष्मा काढून म्हणाल्या, “बाय, तुला ‘लाउडली’चा अर्थ येतो, स्पेलिंग येते. तू जन्मात कधी काही लाउडली केले आहेस?” मी मान हलवली. तीही हळूच. तेव्हा त्यांनी उपाय काढला. रोज एक क्रियाविशेषण घ्यायचे आणि दिवसभर प्रत्येक क्रिया त्याच पद्धतीने करायची. दिवस संपला की तो शब्द आपला झाला.

आत्या, मी आज्ञाधारक विद्यार्थिनी आहे. पहिला दिवस ‘स्लोली’चा होता. मी सावकाश उठले, विहिरीवरून सावकाश पाणी आणले, सावकाश चूल पेटवली. पेज उतू गेली ती मात्र तिच्या स्वतःच्या वेगाने गेली. आईने विचारले, तुला बरे नाही का? त्याचे उत्तरही मी इतके सावकाश देऊ लागले, की ते पूर्ण होण्याआधीच आईने मीठ-मोहऱ्या आणून माझी दृष्ट काढली. दुसरा दिवस ‘चिअरफुली’चा. त्या दिवशी सगळे आनंदाने करायचे होते, आणि नेमके त्याच दिवशी वरच्या वाड्यावर मयत झालेल्या एका घरी आईबरोबर समाचाराला जावे लागले. मी माझे कर्तव्य केले. अजून त्या घरची माणसे मला पाहिल्यावर आत निघून जातात, आणि माडीवर जाण्याचा माझा त्रास वाचतो.

तिसरा दिवस ‘लाउडली’चा. इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी घरी कुणालाही सांगितलेली नाही. बसमध्ये ‘थांबवा’ असे म्हणणे मला कधी जमलेले नाही. त्यामुळे डिचोलीहून येताना मी आमच्या फाट्यावर उतरत नाही; दुसरे कोणी जिथे उतरेल तिथे त्याच्यामागे उतरते आणि मग उलटी चालत येते. (आई म्हणते, पोरीला चालायची फार आवड. एकदा कोणीच उतरले नाही, म्हणून मी पार म्हापशापर्यंत जाऊन आले. तेव्हा मी वाचनालयात होते असे आईला वाटले, आणि मी त्या समजुतीला धक्का लावला नाही.) तर त्या दिवशी फाटा जवळ आला, मी डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि सगळे बळ एकवटून इंग्रजीत ओरडले, “स्टॉप द बस!” ड्रायव्हरने असा काही ब्रेक दाबला, की एका बाईच्या टोपलीतले उंडे पाव सगळ्या बसभर पोचले. कंडक्टर धावत माझ्याकडे आला. “कितें जालें गो बाय? कोण पडलो?” मी म्हणाले, कोणी नाही, मला उतरायचे आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. “मागीर इंग्लीश कित्याक? हांव डिचोलेचोच न्हय?” (मग इंग्रजी कशाला, मी डिचोलीचाच ना?) मी सर्वांचे उंडे वेचून दिले आणि त्या शरमेने पुढचा आठवडाभर बसमध्येच चढले नाही. लुर्दिन टीचर म्हणाल्या, की शब्द आपला झाला, पण बाकीच्यांचा विचार करून त्यापुढचे शब्द घरीच करावेत.

नेमके याच सुमारास पेडण्याहून शांतारामबापू आले. तुमचे थोरले बंधू कसे आहेत, हे मी तुम्हांला सांगावे असे नाही. पण तुम्ही वास्कोला गेल्यापासून त्यांचा आवाज आणखी वाढला आहे. आता ते अंगणातून ‘दिनकरा’ म्हणाले, की पलीकडच्या आळीतलेही एक दिनकर येऊन उभे राहतात. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान अजून त्यांचाच आहे, आणि गेल्या शिमग्यात ते इतके लांबले, की देवाला उशीर झाला असे लोक म्हणतात. बाबांची आणि समोरच्या गृहस्थांची समजूत काढण्यासाठी त्यांना बोलावले होते. ती त्यांनी चटकन काढली. (त्यांनी दोघांना सांगितले, की देव दोन्ही भाषांतले गाऱ्हाणे ऐकतो आणि दोन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करतो.) मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. मी शिवणयंत्रामागे उभी राहून भिंतीला इंग्रजी ऐकवत होते.

“कोणाकडे उलयता गो तूं? भिंतीकडे?” बापूंनी विचारले. आईने माझ्या वतीने सगळी हकीगत सांगितली. परीक्षा, तोंड, शिवण. बापूंनी पान लावता लावता ऐकले आणि म्हणाले, “आगो चेडवा, तूं मनशांकडे उलोवंक सोदता म्हणून भियेता. मनशांकडे उलोवंच नाका. देवाक सांग! मनशां फकत ‘व्हय म्हाराजा’ म्हणपाक आसतात.”

म्हणजे माणसांशी बोलायला जाऊच नये, देवाला सांगावे; माणसे फक्त ‘होय’ म्हणायला असतात! आत्या, मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. पण माझ्या दुखण्यावर इतके नेमके बोट कोणीच ठेवले नव्हते. खरेच आहे ना? बापू देवळात उभे राहतात तेव्हा मागे सगळा गाव असतो, पण ते गावाकडे पाहतच नाहीत. हात पुढे करतात, डोळे देवाकडे लावतात, एकेक मागणे चढवत नेतात आणि शेवट उंच सोडून देतात. तो उंच सुटलेला शेवट झेलायला सगळा गाव तयारच असतो. संध्याकाळी बापूंनी मला अंगणात तुळशीसमोर उभे केले. आई, बाबा, समोरचे गृहस्थ आणि मंगलकाकू यांना मागे रांगेत उभे केले. इंग्रजी माझी मी घालायची, चाल आणि हातवारे बापूंचे. सक्त नियम एकच. प्रत्येक मागण्यानंतर थांबायचे, आणि मागून ‘व्हय म्हाराजा’ आल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही. मंजुरीवाचून पुढे गेलेले गाऱ्हाणे देवापर्यंत पोचत नाही, असे बापू म्हणाले.

पहिल्या दिवशी माझा आवाज तुळशीपर्यंतसुद्धा गेला नाही. पण मागून जी आरोळी आली तिने माझी पाठ आपोआप ताठ झाली. दुसऱ्या दिवशी मी मान वर केली. मग एका संध्याकाळी मी म्हणाले (इंग्रजीत म्हणाले, इथे अर्थ देते), “हे देवा रवळनाथा, या लेकराने नियमितपणे अभ्यास केला आहे, म्हाराजा!” आणि मागून सगळे गरजले, “व्हय म्हाराजा!” “ते सावकाश बोलते, पण स्पष्टपणे बोलते, म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “त्याला परीक्षेत धीटपणे उभे कर, म्हाराजा!” इथे सर्वांत मोठा आवाज मंगलकाकूंचा होता. क्लास त्यांचा, येणारी मुलगी हातची जाणार, तरी इतका जिव्हाळा! मी भारावून आभार मानायला गेले तर त्या आईच्या कानात म्हणाल्या, “गेल्या दिवाळीत हिने शिवलेल्या पोलक्याच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला होत्या. देवाने हिला कॉलेजातच ठेवावी.”

आता परीक्षेचा दिवस. बाबा आणि मी सकाळच्या कदंब बसने निघालो, पणजीला बस बदलली, जुवारीचा पूल ओलांडून वास्कोला पोचलो. तुमच्या घरावरूनच गेलो. मी बाबांना म्हणाले, आत्यांकडे जाऊ या का. ते म्हणाले, आधी नाही. नापास झालीस तर वत्सला सांत्वन करील, आणि वत्सलेचे सांत्वन सोसण्याइतकी माझी प्रकृती नाही. (हे शब्द बाबांचे आहेत. मी केवळ लेखनिका आहे.)

खोलीत तीन परीक्षक होते. मध्यभागी प्राचार्याबाई, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडच्या, अतिशय नीटनेटक्या, शब्द मोजूनमापून वापरणाऱ्या. एका बाजूला एक उंच प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला एक गोल प्राध्यापक. दारात शिपाई उभा होता. प्राचार्याबाईंनी इंग्रजीत सांगितले, स्वतःविषयी काही बोल. आत्या, त्या क्षणी माझ्या डोक्यातली सगळी क्रियाविशेषणे उठून एकदम दाराकडे निघाली. मला फक्त लुगड्याखालचे शिवणयंत्र दिसू लागले. मी तुम्हांला खरे सांगते, मला त्या यंत्राचे भय वाटत नव्हते. शिवणकाम वाईट नाही. वाईट मी शिवते. भय दुसरेच होते. आजवर माझ्या प्रत्येक क्रियेला क्रियाविशेषण लावले ते इतरांनी. विनोदिनी गुपचूप वाचते, निमूटपणे जेवते, हळूच निघून जाते. सगळे मायेनेच लावतात. पण एखादे तरी मला स्वतः निवडून लावायचे होते, आणि ते लावायची जागा ही एवढीच खोली होती.

तेव्हा मी डोळे मिटले. हात पुढे केला. आणि बापूंच्या चालीत, बापूंच्या पट्टीत सुरू केले, की हे लेकरू डिचोली तालुक्यातल्या मुळगावाहून आशेने आले आहे, म्हाराजा! (‘आशेने’ इंग्रजीत म्हणाले. ‘म्हाराजा’चे भाषांतर मात्र वेळेवर सुचले नाही.) आणि नियमाप्रमाणे थांबले.

प्राचार्याबाईंची लेखणी हवेत. मी थांबलेलीच. पुढचे सगळे तयार होते, जिभेवर होते, पण मंजुरीवाचून पुढे जायचे नाही हे महिनाभर अंगात मुरलेले. पाय जसा उंबऱ्याशी आपोआप उचलला जातो तशी माझी जीभ आपोआप थांबत होती. मी मनात म्हटले, विनोदिनी, संपले. बाह्या एकाच बाजूला शिवण्याची तयारी कर. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून, दारातून, खिडक्यांच्या काचा थरथरतील असा आवाज आला.

“व्हय म्हाराजा!”

शिपाई होता. (नाव शंभू. पेडण्यातल्या पालयेचा. नंतर तो शपथेवर म्हणाला, की मी मुद्दाम नाही म्हटले. अशा चालीवर वाक्य सुटले, की आमच्याकडे झोपलेला माणूसही म्हणतो.) मी सुटले ती सुटलेच. मी भरपूर वाचते, म्हाराजा! “व्हय म्हाराजा!” मी क्वचित बोलते, पण विचारपूर्वक बोलते, म्हाराजा! या वेळी दोन आवाज आले. गोल प्राध्यापक खुर्चीतून अर्धे उठले होते, आणि आपण काय केले हे ध्यानात येऊन चष्मा पुसत खाली बसत होते. ते साखळीचे निघाले. मी इंग्रजी मनापासून शिकेन, म्हाराजा! यावर आलेल्या आरोळीत व्हरांड्यातून बाबांचा आवाज मिसळला. त्यांना आत काय चालले आहे ते कळत नव्हते, पण सवय ती सवय. उंच प्राध्यापक कुठलेच नव्हते (म्हणजे पुण्याचे होते). ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

शेवटी प्राचार्याबाईंनी लेखणी टेबलावर ठेवली आणि गोल प्राध्यापकांना इंग्रजीत विचारले, की हे मधूनमधून काय म्हटले जात आहे? ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “मॅडम, ते उत्तर गोव्यातले क्रियाविशेषण आहे. अर्थ, ‘निःसंशयपणे’.” प्राचार्याबाईंनी मान डोलवली, तो शब्द टिपून घेतला, आणि मला जागा दिली. त्यांच्या इंग्रजीत त्या एवढेच म्हणाल्या, की या मुलीला धीटपणा शिकवावा लागणार नाही; हिला शक्य तर हळू बोलायला शिकवू. आत्या, मला! हळू बोलायला! मी व्हरांड्यात येऊन तीनदा हसले, आणि तिन्ही वेळा मोठ्याने.

बाबा व्हरांड्यातून उठून पुढे चालू लागले. मग बाजूच्या हॉटेलात त्यांनी मला मिरची-पाव घेऊन दिला, स्वतः दोन कप चहा घेतला आणि म्हणाले, “चुकलें म्हजें.” (हे शब्दही बाबांचेच आहेत, पण हे त्यांनी पुन्हा म्हणावेत अशी अपेक्षा धरू नये.)

ही झाली हकीगत. आता तुम्हांला कळलेच असेल, की आम्ही येताना का आलो नाही. जाताना का आलो नाही, एवढेच राहिले. पण पत्र लांबले, कठड्यावर हात दुखू लागला, आणि मोठ्या माणसांचा फार वेळ घेऊ नये असे आई म्हणते. कृष्णनाथकाकांना नमस्कार. मालतीवहिनींनाही सांगावे, की त्यांची नजर उत्तम आहे.

तुमची आज्ञाधारक भाची,
विनोदिनी

ता. क. कॉलेजला वसतिगृह नाही. बाबांची नवी अट अशी, की वास्कोत राहायचे तर वत्सलेकडेच, एरवी जागा सोडून घरी यायचे. तुमच्या त्या लहान खोलीविषयी मी वर विचारले आहे. पापडांचे डबे हलवण्याची गरज नाही. मी फार जागा व्यापत नाही, हे सर्वश्रुत आहे.

ता. क. २. शिवणयंत्र आता वाया जाऊ नये असे बाबांचे मत पडले. म्हणून ते माझ्याबरोबर तुमच्याकडे येईल. ते मात्र जागा व्यापते. बाल्कांवात ठेवावे, मोगरीला सावली होईल.

ता. क. ३. जाताना आम्ही आलो होतो. म्हणजे मी आले होते. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात थांबले आणि म्हणाले, जा, वत्सलेला विचारून ये, ठेवशील का म्हणून. नाही म्हणाली तर मला समोर नको. तुम्ही बाल्कांवात आरामखुर्चीत डोळे मिटून बसला होतात. प्राचार्याबाईंची ‘सॉफ्टली’ची, म्हणजे हळू बोलण्याची, सूचना ताजी होती, शिवाय सगळा धीटपणा परीक्षेत खर्च झाला होता, म्हणून मी फाटकाशी उभी राहून हळूच हाक मारली आणि माझी विनंती संपूर्ण, शुद्ध मराठीत, योग्य त्या विरामांसह मांडली. तुम्ही कूस बदललीत आणि म्हणालात, “हूं.” त्यानंतर तुम्ही घोरलात असे काहींना वाटले असते, मला तसे मुळीच वाटले नाही. मी नमस्कार करून परतले. दुकानापाशी बाबांनी उठून विचारले, “वत्सला व्हय म्हणाली मगो?” आणि आत्या, महिनाभराच्या सवयीने, दुसरा काही विचार मनात येण्यापूर्वीच, माझ्या तोंडून स्पष्टपणे निघून गेले, “व्हय म्हाराजा!”

ता. क. ४. येत्या रविवारी सकाळच्या बसने बाबा, मी, यंत्र आणि एक बरका फणस असे तुमच्याकडे येत आहोत. तुमचे कार्ड व्याकरणाच्या पुस्तकात सुरक्षित आहे. बाबांना ते दाखवावे असे मला अजून वाटलेले नाही. बाबा फाटक उघडून तुमचे आभार मानू लागतील तेव्हा तुम्हांला फार काही बोलावे लागणार नाही. उत्तर दोनच शब्दांचे आहे. तुम्ही पेडण्यातच जन्मलात, बापूंच्या मागे उभ्या राहूनच वाढलात; कोणते दोन, ते मी तुम्हांला सांगायला नको. फक्त या खेपेला जाग्या असताना म्हणावेत, आणि शक्य तर लाउडली.